गोड गाण्यातला आपला वाटा

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत गेले. त्यानंतर पंधरा दिवस जिकडंतिकडं रेडिओच्या आठवणींचा पूर आला. मी त्यातलं जमेल तेवढं वाचलं. लोकांनी मनापासून लिहिलं होतं. पण वाचता वाचता ध्यानात आलं की बहुतेकांच्या आठवणीतलं घर एकच आहे. भिंतीवर फळी. फळीवर सेट. सेटवर विणलेला रुमाल. आरामखुर्चीत वडील. आतून फोडणीचा वास. बुधवारची रात्र, आठ वाजलेले, आणि सगळं घर कान टवकारून बसलेलं.

असं घर असायला माझी हरकत नाही. पण आमच्याकडं फळी नव्हती. फळी ठोकायला भिंत लागते. कुडात खिळा धरत नाही.

तरी मला त्या दिवसांची ओढ आहे. त्या मऊ आवाजांची, रात्री उशिराच्या संथ गाण्यांची, दोन गाण्यांच्या मधे वाजणाऱ्या नुसत्या वाद्यांची. ही ओढ मी लपवत नाही. परवा आमच्या अभ्यासमंडळात एका तरुण कार्यकर्त्यानं तोंडावर विचारलं, "काका, ती झोपवणारी गाणी होती. ती ऐकत बसण्यात तुमच्या पिढीची वर्षं गेली. त्याचं काय एवढं कौतुक?" पोरगं चांगलं आहे, वाचणारं आहे. त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण मला वाटलं, हा हिशेब नीट मांडला पाहिजे. रेडिओच्या गोड गाण्यात आपला वाटा किती होता, कुणी दिला, कुणी नाकारला, आणि आज त्याचं काय करायचं?

आमचं गाव मराठवाड्यातलं. गावात साठच्या दशकात एकच रेडिओ सगळ्यांना ऐकू येईल असा होता, तो हॉटेलातला. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी, एक भट्टी. सेट मोठा, व्हॉल्व्हचा. चालू केला की आधी आतला दिवा लागायचा, मग मिनिटभरानं तापून आवाज यायचा. छपरावर बांबूला जाळीची एरियल. आमच्या लोकांची कपबशी बाहेर खुंटीला. चहा प्यायचा, आपणच विसळायची, परत अडकवायची. बाकड्यावर बसायचं नाही. बसायचं ते पलीकडं, सरपणाच्या ढिगाजवळ.

पण आवाजाला विटाळ नव्हता. पाणी वाढायला माणूस लागतो, तो वरून ओतू शकतो. आवाज कुणी वरून ओतू शकत नाही. बाकड्यावरच्याला जेवढा यायचा तेवढाच सरपणापाशी यायचा. वारं आमच्या अंगाला असलं तर वस्तीपर्यंत यायचा. गावातली एवढी एकच चीज मी पाहिली जी वाटून देणं गावाच्या हातात नव्हतं. कपबशी वेगळी करता आली. गाणं वेगळं करता आलं नाही. बुधवारी सिलोन लागायचं तेव्हा आमची दहा-पंधरा माणसं त्या ढिगाजवळ उकिडवी बसलेली असायची. वर बाकड्यावर पाटलाची पोरं. कोणतं गाणं पहिलं येणार याची पैज दोन्हीकडं लागायची. पैज मात्र आपापसातच.

आता जरा मागं जाऊ. हे सिलोन आपल्या गावात आलं कसं? ते माहीत असल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती-नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे भक्त. १९६२ पर्यंत ते त्या खात्यावर होते. सिनेमातलं गाणं हलकं, त्यानं देशाची अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आधी कमी झाली, मग निर्मात्यांशी फिसकटलं आणि जवळजवळ बंदच पडली. लोक काय करणार? त्यांनी काटा फिरवला. समुद्रापलीकडून रेडिओ सिलोन लघुलहरींवर तीच गाणी सोडत होतं. त्याच १९५२ च्या डिसेंबरात तिथं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दात घासायच्या पेस्टची जाहिरात, अमीन सयानींचा आवाज, आणि हिंदुस्थानभरचा श्रोता. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती निघाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूरला तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या.

दोस्तहो, ही गोष्ट नेहमी हसत हसत सांगितली जाते. मंत्री हरले, गाणं जिंकलं. पण तिच्यात आपल्या कामाचा एक मुद्दा आहे. 'अभिरुची' कुणाची? ती ठरवणारे कोण? अजून एक उदाहरण घ्या. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी होती. पेटी विलायती, तिच्यातून मींड निघत नाही, आपल्या रागाला ती चालत नाही, असा युक्तिवाद. असेल खरा. पण पेटी कुणाच्या हातात होती ते बघा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे शाहीर आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले, तेव्हा त्यांच्याजवळ सतार नव्हती. पेटी होती, ढोलकी होती, आणि गळा होता. जे वाद्य खांद्यावर मारून पायी चालता येतं तेच गरिबाचं वाद्य. ते एकतीस वर्षं नभोवाणीच्या दारात चपलांसारखं बाहेर राहिलं. बंदी घालणाऱ्यांच्या मनात जात होती असं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात आम्ही नव्हतोच, एवढंच म्हणतो. मनात नसणं हीसुद्धा एक कपबशीच आहे.

आणखी एक. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावर 'गीतरामायण' सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. दर आठवड्याला एक, वर्षभरात ५६ गाणी. म्हणतात की लोक सेटला हार घालून ऐकायचे. १९५६ सालीच १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म दिला. बावीस प्रतिज्ञा दिल्या. रामाला देव मानणार नाही, ही त्यातली एक. आमच्या वडीलधाऱ्यांनी ती घेतली आणि पाळली. पण चाली कानात गेलेल्या होत्या. वस्तीतला एक म्हातारा दळताना त्यातली चाल शब्दाशिवाय गुणगुणायचा. नुसतं हूं हूं. चाल गोड होती आणि प्रतिज्ञा खरी होती. त्यानं दोन्ही सांभाळलं. त्याला ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या माणसाला स्वतःची गोड चाल कुणी हवेतून पाठवली नाही, त्यानं दुसऱ्याची घेतली आणि तिच्यातला देव काढून टाकला. असं करायलाही अक्कल लागते.

आणि हवेतून आपलं काहीच आलं नाही असंही नाही. ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेब स्वतः आकाशवाणीवर बोलले. माझं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे आणि ते मी फ्रेंच क्रांतीतून उचललेलं नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलं आहे, असं त्यांनी सांगितलं. बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला विविध भारती निघाली. हा नुसता योगायोग. पण मला आवडतो. म्हणून ३ ऑक्टोबरला मी दोन्हींची आठवण काढतो.

आता आमच्या घरच्या सेटकडं येतो.

थोरला दादा मुंबईला गिरणीत लागला. १९७१ साली तो सुट्टीवर आला तो ट्रान्झिस्टर घेऊनच. हातात मावेल एवढा, चामड्याच्या पिशवीत. तेव्हा रेडिओला लायसन लागायचं. पोस्टात फी भरायची, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. मायनं ते पुस्तक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. आमच्या घरात तोवर जे कागद होते त्यात आम्ही कर्जदार होतो, नाहीतर साक्षीदार. आम्ही एखाद्या वस्तूचे मालक आहोत असं सांगणारा सरकारी कागद तो पहिलाच. माय मधूनच पिशवी उघडून बघायची. तिला वाचता येत नव्हतं. शिक्का दिसत होता.

सेल महाग. सेल संपत आले की आवाज पातळ व्हायचा. मग ते काढून उन्हात वाळत घालायचे, भाकरीसारखे. उन्हात तापले की आणखी दोन-तीन दिवस जायचे. म्हणून दिवसा रेडिओ बंद. सकाळच्या बातम्या नाहीत, दुपारचं काही नाही. मायचा हुकूम. सगळे सेल रात्रीसाठी राखायचे.

१९७२ चा दुष्काळ आला. माय सरकारी कामावर खडी फोडायला जायची. कार्डावर हजेरी, मापावर मजुरी, आणि खायला सुकडी. हाताला फोड, फोडावर चिंधी. संध्याकाळी परतायची, लांबून पाणी आणायची, चूल पेटवायची, आम्हाला घालायची, राहिलं तर खायची. हे सगळं आवरून तिची पाठ जमिनीला लागायला रात्रीचे दहा-अकरा व्हायचे. तेव्हा म्हणायची, "लाव की रं बारीक आवाजात."

त्या वेळी विविध भारतीवर 'छायागीत' असायचं, त्यानंतर अकराला 'बेला के फूल'. दिवसभराच्या गाण्यांत धांगडधिंगा असतो, जाहिरात असते. रात्रीच्या त्या तासात सगळं संथ. निवेदक हळू बोलणार, कानाशी बोलल्यासारखं. गाणी सावकाश. मधे कधी नुसतं व्हायोलिन, नुसतं अ‍ॅकॉर्डियन. मायला हिंदी फारसं समजत नव्हतं. शब्दाचा अर्थ ती कधी विचारायचीही नाही. हाताचे फोड वर करून उताणी पडायची आणि ऐकायची. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला झोप लागायची. मी उठून सेट बंद करायचा. सेल वाचले पाहिजेत.

आता त्या पोराच्या प्रश्नाला हात घालतो. झोपवणारी गाणी. हो, झोपवणारीच. पण झोप कुणाला लागत होती ते विचार. आरामखुर्चीतल्या माणसाला ते गाणं करमणूक होतं. दिवसभराच्या आरामावर आणखी आराम. खडी फोडून आलेल्या बाईला ते गाणं म्हणजे दिवसातला एवढाच वेळ होता की जेव्हा तिला कुणी काही सांगत नव्हतं. ना मुकादम, ना पाटील, ना नवरा, ना आम्ही पोरं. कुणीतरी अनोळखी माणूस अदबीनं बोलत होता आणि तिच्याकडून काही मागत नव्हता. सबंध आयुष्यात तिच्याशी त्या सुरात गावातलं कोण बोललं होतं? 'ए' आणि 'अगं ए' यापलीकडं गावाला तिचं नाव माहीत नव्हतं.

गोड गाणं ऐकायला रिकामा वेळ लागतो. आणि आपल्या देशात रिकामा वेळ जातीनं वाटला गेला. एकानं शेकडो वर्षं बसून राग मांडले, कारण दुसरा त्याचं शेण काढत होता. हे मी माझं म्हणून सांगत नाही. बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधींवर १९४५ साली पुस्तक लिहिलं, त्यात चरख्याच्या तत्त्वज्ञानाचा समाचार घेताना हाच मुद्दा काढला आहे. माणसाला जनावरापेक्षा वेगळं करते ती संस्कृती. संस्कृतीला फुरसत लागते. ती गरिबालाही मिळावी म्हणून यंत्र हवं. फुरसत हा त्यांच्या लेखी चोचला नव्हता, हक्क होता. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवड्याचा ५४ तासांचा कामाचा वेळ ४८ वर आणणारं विधेयक त्या काळातलं. ते सहा तास कशासाठी? नुसतं उद्या पुन्हा राबायला ताकद यावी म्हणून नाही. माणसानं माणसासारखं बसावं, वाचावं, ऐकावं म्हणून. उतारवयात, दुखणी अंगावर घेऊन, घटनेचं ओझं वाहिलेल्या खांद्यावर त्यांनी स्वतः व्हायोलिन धरलं आणि शिकायला बसले. त्या माणसाला कोण म्हणेल की गोड सुरानं लढा मंदावतो?

पण तो पोरगा सगळा चूक नाही. गोड गाण्यात गुंगी आहेच. ती कशी तयार होते हे बघायचं तर जरा लांब, अमेरिकेत जावं लागतं. तिथं हा धंदा फार पद्धतशीर चालला. आणि आपला तिथल्या लोकांशी संबंध आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. ब्लॅक पँथर १९६६ साली कॅलिफोर्नियात ओकलंड शहरात स्थापन झाली. त्याच ओकलंडच्या परवान्यावर १९५९ पासून एक रेडिओ केंद्र चालू होतं, केएबीएल नावाचं. ते फक्त गोड वाद्यसंगीत वाजवायचं. तिकडं या प्रकाराला नावच होतं, 'ब्यूटिफुल म्युझिक'. गंमत अशी की परवाना ओकलंडचा, पण केंद्र मिरवायचं ते खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोचं नाव. केएबीएल हे नावसुद्धा तिथल्या केबल कारवरून घेतलेलं. ओकलंड म्हणजे गोदी, कारखाने, काळ्यांच्या वस्त्या. असा पत्ता गोड गाण्याला शोभत नसावा.

ही केंद्रं कशी चालायची ते ऐका. मँटोव्हानी, पर्सी फेथ अशांचे मोठे वाद्यवृंद. पन्नास व्हायोलिनं एकदम. गाजलेलं गाणं घ्यायचं, त्यातला गाणारा गळा काढून टाकायचा, आणि चाल व्हायोलिनवर पसरायची. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, मधे बोलणं कमीत कमी, जाहिरात थोडी. दवाखान्यात, कचेरीत, दुकानात दिवसभर चालू ठेवावं, पण कुणी मान वर करून ऐकू नये असा बेत. साठच्या दशकाच्या मध्याला तिथल्या सरकारनं नियम केला की मोठ्या शहरात मालकानं आपल्या जुन्या केंद्राचाच कार्यक्रम एफएमवर जसाच्या तसा सोडायचा नाही. मग एफएमवर काय सोडायचं? हे सोडायचं. स्वस्त आणि सोपं. सत्तरच्या दशकात कंपन्या तयार टेपा पुरवायच्या, केंद्रात यंत्र आपोआप त्या लावायचं. मोठमोठ्या शहरांत ही केंद्रं श्रोत्यांच्या संख्येत अगदी वर होती. मग ऐंशीच्या दशकात घसरण लागली. कारण ऐकणारे म्हातारे झाले. जाहिरातदाराला तरुण गिऱ्हाईक पाहिजे. म्हाताऱ्याला विकायचं काय? १९९० च्या सुमाराला बहुतेक केंद्रांनी गाणी बदलली. आज तिथली म्हातारी माणसं त्या व्हायोलिनांसाठी हळहळतात.

मला त्यांची हळहळ समजते. माय तिथं असती तर तिनंही हळहळ केली असती. पण त्या गोड गाण्यात एक गोष्ट ठरवून केलेली होती. गळा काढून टाकलेला होता. गळ्यात माणूस असतो. त्याची जात असते, त्याचा रंग असतो, त्याचं दुखणं असतं. गळा काढला की गाणं कुणाचंच राहत नाही, म्हणून सगळ्यांना चालतं. आमचा दळणारा म्हातारा चालीतून देव काढत होता, हे लोक चालीतून माणूस काढत होते. दोन्हीत फरक आहे. कोण काढतो आणि कुणासाठी काढतो, तो फरक.

त्याच अमेरिकेत अटलांटा शहरात १९४९ साली जेसी ब्लेटन नावाच्या काळ्या हिशेबनिसानं अख्खं रेडिओ केंद्र विकत घेतलं. डब्ल्यूईआरडी. मालक काळा असलेलं ते देशातलं पहिलं केंद्र. पुढं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेची कचेरी त्याच इमारतीत आली. सांगतात की किंग यांना बोलायचं असलं की ते झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायचे, आणि वरच्या मजल्यावरून खिडकीतून माइक खाली सोडला जायचा. ही कथा असेल, पण इमारत एक होती हे खरं. त्या केंद्रावर गाणीही वाजायची. नाचायची, प्रार्थनेची, गोडसुद्धा. फक्त त्या गाण्यांत गळा होता, आणि पत्ता लपवलेला नव्हता.

पत्त्यावरून आमची गोष्ट सांगतो. १९७३ साली दादानं फर्माईशीचं कार्ड टाकलं. तेव्हा सगळा देश कार्डं टाकायचा. अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तिलैया नावाचं गाव नुसत्या फर्माईशींनी घरोघर माहीत झालेलं. दादानं कार्डावर आपलं नाव लिहिलं, आणि पत्ता लिहिला तो 'भीमनगर'. खाली गाव, तालुका, जिल्हा. वस्तीनं तोवर भीमनगर नाव घेतलं होतं, पण ते आमच्यापुरतंच. गावाच्या तोंडी महारवाडाच.

कार्ड टाकून दोन महिने झाले. दादा मुंबईला परत गेला होता. एका संध्याकाळी हॉटेलातल्या सेटवर एका बाईच्या स्वच्छ आवाजात दादाचं नाव आलं. मागून 'भीमनगर' आलं. मग गावाचं नाव. मग गाणं लागलं. मी सरपणाजवळ होतो. बाकड्यावर कुणी काही बोललं नाही. हॉटेलवाला भट्टीत बघत राहिला. गाणं कोणतं होतं ते मला आज आठवत नाही. 'भीमनगर' मात्र त्या बाईनं कसं म्हटलं, 'भी' थोडा लांबवून, ते कानात आहे.

पुढच्या सुट्टीत दादा आला तेव्हा पारावरून एकानं टोचलं, "का रं, हे भीमनगर कुठं आलं?" दादा चालता चालता म्हणाला, "रेडिओला ठावं हाय, तुमाला न्हाई?" आणि पुढं गेला.

एवढंच झालं. त्यानं विहीर खुली झाली नाही, बाकडं मिळालं नाही. पण वस्तीतल्या पोरांनी त्या महिन्यात वीसेक कार्डं टाकली. सगळ्यांवर भीमनगर. गाणं कोणतं का लागेना.

१९७८ च्या २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला. मी तेव्हा औरंगाबादला वसतिगृहात होतो. पुढं काय झालं ते तुम्ही वाचलेलं आहे, कित्येकांच्या घरांनी सोसलेलं आहे. आमची वस्तीही जाळली. माणसं रानात पळाली म्हणून वाचली. मी पोचलो तेव्हा कुडाची राख होती. राखेत चामड्याची पिशवी वितळून चिकटलेला सेट होता. लायसनचं पुस्तक गेलं, रेशनकार्ड गेलं. पंचनाम्यात भांडी मांडली, धान्य मांडलं. सेटची किंमत लिहायला सांगितली तर लिहिणारा हसला. "तुमच्याकडं रेडिओ?"

त्या पावसाळ्यात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात होतो. रात्री कितीही दमलेली असली तरी माय जागी असायची. बोलायची नाही. उठून भिंतीला टेकून बसायची. नंतर माझ्या ध्यानात आलं, तिला झोप लागत नव्हती, कारण झोपेची वेळ सांगणारं काही उरलं नव्हतं.

विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत आम्हाला जागं ठेवलं ते दुसऱ्या गाण्यांनी. वामनदादा कर्डक वस्त्यावस्त्यांतून फिरत होते. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरात गेला. कॅसेटला लायसन लागत नव्हतं, कुणाच्या अभिरुचीची परवानगी लागत नव्हती. १४ एप्रिलला भोंग्यावर ती लागली की अंगावर काटा यायचा. ती गाणी पाठ लावून ऐकायची नव्हती. उठून उभं राहून ऐकायची होती. त्यांत गळा होता, पेटी होती, आणि पत्ता तर ओरडून सांगितलेला होता.

मग मायच्या रात्रीच्या गाण्यांचं काय? काही साथी तेव्हाही म्हणायचे, ती गाणी प्रस्थापितांची, टाकून द्या. मला हा हिशेब कधीच पटला नाही. जागं करणारं गाणं आपलं, आणि निवांत करणारं गाणं त्यांचं, अशी वाटणी का मान्य करायची? ही तर जुनीच वाटणी. राबणं तुमच्याकडं, विसावा आमच्याकडं. आता लढणं तुमच्याकडं, गोडवा आमच्याकडं. लढणाऱ्यालाही रात्र असते. मोर्चाहून आलेल्या पोरीला, सफाईची पाळी करून आलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता कुणीतरी अदबीनं बोलावं, हळू काहीतरी लावावं. हे मागणं आपल्या मागण्यांच्या यादीत का नाही?

आणि हे नुसतं स्वप्न नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ साली सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. आपल्या मराठवाड्याच्या पलीकडं, तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर नावाचं खेडं आहे. तिथं २००८ च्या ऑक्टोबरात 'संघम रेडिओ' सुरू झाला. चालवणाऱ्या दलित बाया. शेतमजुरी करणाऱ्या. माइक त्यांच्या हातात, यंत्र त्यांच्या हातात. बियाण्याची माहिती, औषधी पाला, आणि गाणी. पेरणीची, दळणाची, लग्नाची, जी त्यांच्या आयांना येत होती ती. संध्याकाळी कामं आवरल्यावर लोक ऐकतात. तिथं कुणी सरपणाजवळ बसून ऐकत नाही.

म्हणून तुम्हा तरुण साथींना मी तीन कामं सांगतो. एक, तुमच्या वस्तीतली सत्तरीपुढची माणसं गाठा आणि त्यांना विचारा, तुम्ही रेडिओ कुठं बसून ऐकला? कुठं बसून, हेच विचारा. गाणी सगळ्यांनी लिहून ठेवली आहेत, बसायच्या जागा कुणी लिहिल्या नाहीत. त्या लिहून काढा, या पानांवर आणा. दोन, जुन्या कॅसेटी टाकून देऊ नका. फीत बुरशीनं जाते. जाण्याआधी उतरवून घ्या, कुणाची पेटी, कुणाची ढोलकी, कोणत्या सालचा कार्यक्रम ते वर लिहा. तीन, तुमच्या हातातल्या फोनवर आज पाहिजे ते आकाशातून उतरतं. जयंतीची गाणी जोरात लावा, लावलीच पाहिजेत. पण रात्री तुमची माय कामावरून येऊन आडवी पडली आणि तिनं एखादं जुनं संथ गाणं लाव म्हटलं, तर तिला वर्ग घेऊ नका. लावा. बारीक आवाजात लावा. आता सेल वाचवायचे नाहीत, तेव्हा तिचा डोळा लागला तरी गाणं पुरं होऊ द्या.

जय भीम.